हिरवी बांगडी आणि पातेलंभर पाणी

अगं, आधी तो डबा बंद कर आणि चहा घे. काल रात्री साडेअकराला तुझे फोटो आले, एकामागून एक चौदा. पलंगावर पसरलेले मोत्यांचे सर, ती हिरवी बांगडी, पोवळ्यांची माळ, दोन अंगठ्या, निळ्या फुलांचा केसात खोचायचा आकडा. आणि खाली तुझं एकच वाक्य, 'ताई, यातलं खरं काय, किती जुनं, मला काही म्हणजे काही कळत नाहीये.' जाऊबाई रविवारी येणार, नणंदेचा अमेरिकेहून फोन येऊन गेला, नवरा म्हणतोय पत्थरगट्टीला ने आणि एकदाचं विकून टाक. आजेसासूबाईंना जाऊन तीन महिने झाले नाहीत आणि त्यांच्या डब्याचा निवाडा तुझ्या गळ्यात. कोणीही गांगरेल गं. पण काचीगुड्याच्या त्या मोठ्या घराचं आजारपण, भाडेकरू, बँक, सगळं सहा वर्षं तूच ओढलंस ना? मग डबाभर दागिने तुला जड नाहीत.

खरं सांगू का, तू दोन प्रश्न एकात कालवले आहेस म्हणून गोंधळ उडालाय. दगड कोणता, हा एक प्रश्न. दागिना कधीचा, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी असतात. दगडाचं उत्तर दगडाच्या पोटात, वयाचं उत्तर बहुतेक वेळा मागच्या बाजूला, फाशात, भोकात, दोऱ्यात. आपल्याकडच्या बायका सर तुटला की ओवून घेत, फासा बिघडला की बदलून घेत, नथीतला एक मोती हरवला की दुसरा बसवत. त्यामुळे एकाच हारात तीन पिढ्यांचं सामान सापडतं. 'हा हार किती जुना' असं विचारू नकोस. मोती किती जुने, फासा किती जुना, दोरा किती जुना, असं तीनदा विचार.

आणि तू लिहिलंस, 'सराफ म्हणाला, अम्मा, ये तो सब चायना है, आणि डबा परत सरकवला.' त्याने तुझं तोंड इतकं उतरलं? बघ, आपल्या हैदराबादेत 'चायना' म्हटलं की माणसाला स्वस्त आणि नकली एवढंच ऐकू येतं. पण चायनाचं म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं चांदीचं जाळीकाम असू शकतं, ब्रह्मदेशच्या खाणीतला दगड असू शकतो, आणि गेल्या वर्षी लाड बाजारात शंभर रुपयांना घेतलेली रंगवलेली काचही असू शकते. सराफाने तुला गावाचं नाव सांगितलं. वस्तू काय ते सांगितलंच नाही.

आता पहिलं काम. डब्यातला एक चिटोराही फेकू नकोस. जुना कापूस, फाटकी मखमल, दुकानाची छापील पुरचुंडी, लाल दोरा, सगळं तसंच राहू दे. हे मी एवढं बजावतेय त्याला कारण आहे. माझ्या सासूबाईंच्या दोन अंगठ्या मला मिळाल्या तेव्हा डबी जुनाट वासाची, आतला कागद पिवळा पडलेला, म्हणून मी ते सगळं दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिलं. त्या कागदावर सिंगापूरच्या दुकानाचं नाव आणि पत्ता छापलेला होता, हे मला नंतर मावससासूबाईंनी सांगितलं. दुकान कुठल्या वर्षांत होतं यावरून अंगठीचं वय लागलं असतं. आज माझ्या अंगठ्या आहेत पण त्यांचं गाव गेलं. मला अजून ते सलतं. म्हणून आधी डबा जसा आहे तसा फोटो काढ, मग एकेक वस्तू कागदावर ठेवून पुढून, मागून, फाशाजवळून फोटो, आणि शेजारी मोजपट्टी. वहीत नंबर घाल. पुढे जाऊबाई बसल्या की तुझ्या हातात ती वही असली पाहिजे.

मोत्यांपासून सुरू करू, कारण आपलं गाव मोत्यांचं. इथे ना समुद्र, ना शिंपले, पण मोती ओवणारे, भोकं पाडणारे, पारखणारे हात इथे बसले, कारण निजामाच्या दरबाराला मोत्यांची हौस होती. ते जुने मोती इराणच्या आखातातून, बहारीन-कुवेतच्या बाजूने येत. बसऱ्याच्या बाजाराचं नाव त्यांना चिकटलं आणि ते 'बसरा' झाले. निजामाचे १७३ दागिने सरकारने १९९५ साली २१८ कोटींना घेतले आणि २००१ मध्ये सालारजंग म्युझियममध्ये ते मांडले, तेव्हा मी रांगेत उभी राहून सातलडा पाहिला होता. सात सर, ४६५ मोती. आजूबाजूच्या बायका जेकब हिऱ्यासमोर गर्दी करत होत्या, पण माझे डोळे त्या मोत्यांवरून हलेनात. एकही दाणा पांढराशुभ्र नव्हता. सायीचा रंग, कुठे किंचित गुलाबी, आणि तेज असं की आतून येतंय. ते एकदा पाहिलं की डोळ्यात राहतं.

तुझ्या फोटोतला पाच पदरी हार मात्र तसा नाही, हे मी आत्ताच सांगते म्हणजे तू रात्रभर आशा धरून बसणार नाहीस. त्याचे दाणे लांबट आहेत, अंगावर बारीक सुरकुत्या आहेत, साळीच्या लाह्यांसारखे दिसतात. दुकानदार त्यांना राईस पर्ल म्हणतात. ते चीनच्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यातले. तिथे शिंपल्यात मणी घालत नाहीत, दुसऱ्या शिंपल्याच्या अंगाचा बारीक तुकडा खोचतात, आणि एकाच शिंपल्यात वीस-वीस मोती धरतात. हे लाह्यांसारखे मोती १९८०च्या दशकात जगभर इतके स्वस्त पसरले की आपल्या चारमिनारच्या दुकानांचं रूपच पालटलं. गोल आणि मोठे दाणे चीनला पुढे नव्वदीनंतर चांगले जमू लागले. म्हणजे हा हार आजेसासूबाईंच्या लग्नातला नाही. तो त्यांनी वयाच्या साठीच्या आसपास स्वतःच्या पैशांनी घेतलेला दिसतो. आणि बघ, मला तर हे कळून त्यांच्याबद्दल जास्तच माया वाटली.

पण त्याच्या खालचा एकपदरी, बारीक गोल मोत्यांचा सर? तो वेगळा ठेव. तिथे घाई नको. गोल मोती तीन घरचे असू शकतात. आखातातले नैसर्गिक, जपानचे खाऱ्या पाण्यातले कल्चर, म्हणजे शिंपल्यात मणी घालून करून घेतलेले, किंवा चीनचे अलीकडचे गोड्या पाण्यातले. जपानमध्ये मिकिमोतोने १८९३ साली शिंपल्याकडून पहिला अर्धगोल मोती करून घेतला, पुढे गोल मोती बाजारात आले, आणि १९३०च्या मंदीत आखाताचा मोत्यांचा धंदा बसला तो बसलाच. म्हणून सर त्याआधीचा असेल तर नैसर्गिक असण्याची आशा धरायला जागा असते. घरी तू एवढं कर. दाणा समोरच्या दाताच्या धारेवर अगदी हलके फिरव. किरकिरला, बारीक वाळूसारखा लागला, तर मोत्याचा थर खरा. गुळगुळीत सरकला तर काच किंवा प्लास्टिक. फक्त यावर नैसर्गिक की कल्चर ते कळत नाही. दोन्ही किरकिरतात. या चुकीने कितीतरी बायका 'बसरा' म्हणून पैसे मोजून आल्यात.

दुसरं, भिंग घेऊन भोकात बघ. दहापट दाखवणारं भिंग पाचशेच्या आत मिळतं, घेऊनच टाक. नकली मणी असेल तर भोकाच्या कडेला रंगाची साल उचललेली दिसते. जपानी कल्चर असेल तर भोकाच्या आत एक काळसर रेघ दिसते, मोत्याचा थर कुठे संपला आणि आतला मणी कुठे सुरू झाला ती. भोक अगदी बारीक, दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये किंचित न जुळलेलं असेल तर हाताने पाडलेलं, बहुतेक जुनं. पण शेवटचा शब्द एक्स-रेचा. नैसर्गिक की कल्चर हे ठामपणे प्रयोगशाळाच सांगते. डोळ्यांनी बघून छातीठोक 'बसरा' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस आणि छातीठोक 'चायना' म्हणणाऱ्यावरही नको.

हा सर ओवायला आलाय, दोरा मळलाय, हे मला फोटोतही दिसतंय. ओवायला देताना दाणे मोज, वजन कर, आणि पटव्यासमोर बसून राहा. ते लोक दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणतात आणि दोन दाण्यांच्या मध्ये गाठ इतक्या झपाट्याने मारतात की आपली नजर मागे पडते. तासाभराचं काम असतं. मी एकदा 'संध्याकाळी येते' म्हणून सर एका दुकानात ठेवून गेले होते. परत आलेला सर चकचकीत होता, पण आईच्या गळ्यात मी लहानपणापासून पाहिलेला तो एक किंचित चपटा मोती त्यात नव्हता. भांडायला माझ्याजवळ ना फोटो, ना मोजदाद. तू तशी रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आणि जुना दोरा परत मागून घे. रेशमाचा आहे की नायलॉनचा, यावरून निदान शेवटचं ओवणं कधीचं ते कळतं.

आता ती हिरवी बांगडी. मला कालपासून तिचीच ओढ लागलीय. तू म्हणालीस, आजेसासूबाईंचे थोरले बंधू रंगूनला नोकरीला होते आणि १९४१च्या अखेरीस जपान्यांचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा परतले, त्यांनी आणलेली. ही गोष्ट वहीत लिहून ठेव, कोणी सांगितली तेही लिही. कारण रंगून म्हटलं की माझे कान टवकारतात. ज्याला आपण सरसकट जेड म्हणतो, आणि उर्दूत यशब म्हणतात, ते दोन वेगळे दगड आहेत. एक नेफ्राइट. तो हजारो वर्षं चीनमध्ये कोरला गेला, आणि त्याचा मोठा उगम मध्य आशियातल्या खोतानच्या नद्या. तोच दगड दक्षिणेला मुघलांकडेही आला. सालारजंगमध्ये जेडचं जे दालन आहे ना, जहांगीरची कट्यार, नूरजहाँची फळं कापायची सुरी, शहाजहानची तिरंदाजीची अंगठी, ती बघून ये. शाळेच्या सहलीत आपण तिथल्या प्रसिद्ध घड्याळासाठी धावायचो आणि ते दालन सोडून द्यायचो. यावेळी तिथे अर्धा तास उभी राहा. नेफ्राइटची चमक तुपासारखी असते, काचेसारखी लखलखत नाही. शुक्रवारी म्युझियम बंद असतं, उगाच हेलपाटा घालू नकोस.

दुसरा जेडाइट. तो ब्रह्मदेशच्या उत्तरेला काचिन भागातून येतो आणि अठराव्या शतकापासून चीनने तो भरभरून नेला. चिनी लोक त्याला जे नाव देतात ते मुळात खंड्या पक्ष्याचं, त्या हिरव्या-निळ्या पिसांवरून. तुझी बांगडी खरोखर रंगूनहून आली असेल आणि खरोखर जेड असेल, तर ती जेडाइट असण्याचा संभव जास्त. मग चिनी कारागिराने घडवलेला ब्रह्मी दगड, मराठी माणसाने विकत घेतलेला, हैदराबादेत नांदलेला. पण हे 'असेल तर' मोठं आहे, आणि ते सोडवायला आपल्याकडे स्वयंपाकघर आहे.

नीट ऐक, हे करायला तुला कोणाचीही गरज नाही. बांगडीला धातूची पट्टी किंवा कडी लावलेली नाही ना? नसेल तर उत्तम. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घे. अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तर छान, नसला तरी चालेल. आधी बांगडी कोरडी तोल आणि आकडा लिही. मग काट्यावर पाण्याने भरलेलं उभट पातेलं ठेव आणि बटण दाबून आकडा शून्यावर आण. आता बांगडी बारीक दोऱ्याला बांधून हातात धर आणि पाण्यात सोड. पूर्ण बुडाली पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. बुडबुडे चिकटले तर हलवून काढ. काट्यावर नवा आकडा दिसेल. तो बांगडीने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भाग. झालं.

उत्तर ३.३ च्या आसपास आलं तर जेडाइट. २.९ ते ३ च्या मध्ये आलं तर नेफ्राइट. २.६५ आलं तर तो गारेच्या कुळातला हिरवा दगड, ज्यात बारीक चमचम दिसते तो अ‍ॅव्हेंच्युरिन, किंवा हिरवा रंगवलेला अकीक. सर्पेंटाइन नावाचा मऊ दगड 'नवा जेड' म्हणून खूप विकला जातो, तोही साधारण २.६ लाच येतो. साधी काच अडीचच्या आसपास. फक्त शिशाची काच जड असते आणि ती फसवू शकते, म्हणून भिंगातून गोल बुडबुडे आणि साच्याची रेघ शोधायची.

मी हे माझ्या स्वतःच्या बांगडीवर केलंय. सासूबाईंनी लग्नात माझ्या हातात घातली होती, 'खरा जेड आहे गं, जप' असं सांगून. ५३ ग्रॅम. पातेल्याखालचा काटा १६ वर थांबला असता तर जेडाइट, १८ वर थांबला असता तर नेफ्राइट. तो २० वर थांबला. मी तीनदा केलं. तीनदा २०. मी ओट्याशी उभी राहून रडले होते, खोटं का बोलू. दगडाचं दुःख नव्हतं. त्यांना कोणीतरी फसवलं असेल आणि त्या आयुष्यभर ती जपत राहिल्या, याचं वाईट वाटलं. मग दुसऱ्या दिवशी मी ती परत हातात घातली आणि आजही आहे. तुझ्या काट्यावर जो आकडा येईल तो येऊ दे. मला ताबडतोब कळव, म्हणजे तू एकटी ओट्याशी उभी राहणार नाहीस.

आणि समजा ३.३ आलंच, तरी अर्धंच काम झालं. कारण गेल्या चाळीसेक वर्षांत जेडाइट तेजाबात उकळून, डाग काढून, त्यात राळेसारखं प्लास्टिक भरून विकायची पद्धत पडलीय. व्यापारी नैसर्गिकला 'ए', अशा भरलेल्याला 'बी' आणि रंगवलेल्याला 'सी' म्हणतात. भिंगात हिरवा रंग शिरांमधून कोळ्याच्या जाळ्यासारखा साचलेला दिसला तर रंगवलेला समज. बाकी प्रयोगशाळा. सुरीने ओरखडा काढून बघ, तापलेली सुई टोचून बघ, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं काही एक ऐकू नकोस. दगडाला धक्का लागला की तो परत येत नाही.

आता अंगठ्या आणि तो केसातला आकडा. अंगठीचं कडं मागे जोडलेलं नाही, दोन टोकं एकमेकांवर सरकतात, म्हणजे कोणत्याही बोटाला बसते. चांदीवर सोन्याचं पाणी, कडेने निळं-हिरवं मीनाकाम, मध्ये घुमटासारखा गुळगुळीत दगड. हे चीनहून बाहेर विकायला पाठवलेल्या दागिन्यांचं ओळखीचं रूप. मागे काय कोरलंय ते भिंगातून वाच. १८९१ पासून अमेरिकेने कायदा केला की बाहेरच्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवं, म्हणून तिकडे जाणाऱ्या मालावर 'चायना' आणि 'सिल्व्हर' असे ठसे सापडतात. पण हिंदुस्थानात आलेल्या वस्तूवर ठसा असायलाच हवा असं काही नव्हतं. म्हणून ठसा नाही म्हणजे खोटं, असं समजू नकोस. चिनी अक्षरं असतील तर मोबाइलवरून वाचून घे. चीनने १९५६ पासून अक्षरं सोपी करायला घेतली. चांदीचं अक्षर सोप्या वळणाचं असेल तर अंगठी त्यानंतरची. जुन्या वळणाचं असेल तर आधीची, किंवा हाँगकाँगची, कारण तिथे जुनंच वळण राहिलं. '९२५' हा आकडा असेल तर ती बऱ्यापैकी अलीकडची धर.

आपल्या बाजूने आणखी एक खूण आहे. १९६२ च्या युद्धानंतर चीनशी व्यापार बंद पडला तो १९७८ मध्ये सुरू झाला. म्हणून एखादी चिनी वस्तू सरळ बाजारातून आली असेल तर ती बहुधा त्या खिंडाराच्या अलीकडची नाहीतर पलीकडची. मधल्या काळात आली असेल तर कोणीतरी सिंगापूर-हाँगकाँगहून आणली. घरात कोण केव्हा परदेशी गेलं होतं ते सासऱ्यांना विचार. म्हाताऱ्या माणसांना अशा गोष्टी सांगायला आवडतात, आणि तुला तारीख मिळते.

अंगठीतलं लाल माणिक अगदी निर्दोष दिसलं तर हुरळू नकोस, कारखान्यातलं माणिक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळतंय. आणि पांढरे खडे अमेरिकन डायमंड निघाले तर ते १९७६ नंतरचे, त्याआधी ते बाजारात नव्हतेच. कोंदण जुनं आणि खडा नवा असेल, तर खडा बदललाय एवढंच.

आणि तो निळ्या फुलांचा आकडा. त्याला हात लावू नकोस! मला फोटोत तो निळा रंग मीनाकामासारखा सपाट दिसला नाही, त्यात बारीक रेघा आहेत. भिंगातून बघ. पिसासारखे तंतू दिसले तर ते खंड्याचं पीस आहे. चिनी कारागीर पिसाचे तुकडे कापून चांदीवर चिकटवत. ही कला १९३०च्या दशकात जवळपास संपली. ओला कपडा लावलास तर पिसं निघून येतील. मी एका अंगठीचा काळपटपणा घालवायला ती चिंचेच्या पाण्यात घासली होती, आपण पितळेची भांडी घासतो तशी. सोन्याचं पाणी गेलं, मीना निस्तेज झाला, आणि ते आता कोणालाही परत आणता येत नाही. चिंच नको, रिठा नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. सुती कोरडं फडकं, बस.

पोवळ्यांची माळ साधी वाटतेय. दाण्यांत लांबट बारीक रेषा दिसल्या तर पोवळं, सगळे दाणे एकसारखे गुळगुळीत आणि भोकाशी रंग गडद झालेला असेल तर रंगवलेलं किंवा काच. ती जाऊबाईंना आवडते ना? देऊन टाक, त्यावर वेळ घालवू नकोस. फोटोत पिशवीतलं एक कोरीव पिवळसर बटणही दिसतंय, ते मात्र वेगळं ठेव. हस्तिदंत असेल तर ते विकणं कायद्याने बंद आहे, दुकानात दाखवायलाही नेऊ नकोस.

नणंदेचंही बोलून घेऊ. तिने बांगडी मागितली तर मनाला लावून घेऊ नकोस, तिचीही आजीच होती. पण शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याने अशी बॅगेत घालून देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. हे तिला आधीच सांग. विमानतळावर कळलं तर तुझ्यावर राग निघेल.

प्रयोगशाळेचं म्हणशील तर सगळं नेऊ नकोस, पैसे वाया जातात. फक्त गोल मोत्यांचा सर, आणि काट्याने होकार दिला तर बांगडी. हैदराबादेत दगड तपासणारे आहेत, पण मोत्याचा एक्स-रे करतात का ते आधी फोनवर विचार. नसतील करत तर मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतं. जो विकत घेणार आहे त्याच्याकडूनच पारख करून घ्यायची नाही, हे मात्र नवऱ्याला नीट समजावून सांग. आणि दुकानात 'कितीला घ्याल?' हा प्रश्न पहिल्यांदा कधीच विचारायचा नाही. 'हे काय आहे?' असं विचारून गप्प बसायचं.

रविवारी जाऊबाई अकराला येणार म्हणालीस ना? मी साडेनऊला बरकतपुऱ्याहून निघते. काटा मी आणते, माझा अर्धा ग्रॅम दाखवतो. तू ते उभट, दुधाचं पातेलं घासून ठेव, बारीक दोरा काढून ठेव, आणि वही. पोहे मी करते. आणि शनिवारी रात्री डबा उघडून बसू नकोस, झोप.